बस आली की आलं?

परवा शेजारी सत्यनारायण होता. त्यांची सून माहेरची धारवाडची, घरी सगळं कन्नड. लग्नाला सहा वर्षं झाली. ट्रे घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “चहा झालंय, घ्या.” बायका हसल्या. तेवढ्यात तिचा चार वर्षांचा लेक मोठ्यानं म्हणाला, “आई, झालंय नाही, झालाय!” मग तर हसू आवरेना. ती त्यानंतर मराठीत काही बोललीच नाही. निघताना मला दारात गाठून म्हणाली, “काकू, चहा पुल्लिंगी हे ओळखायचं कसं, सांगा की.”

मला उत्तर देता आलं नाही. कारण उत्तर नाहीच!

कन्नडात पुरुष आला तर ‘बंद’, बाई आली तर ‘बंदळु’ आणि बाकी जे काही येतं ते सगळं ‘बंतु’. अर्थ कळला की लिंग कळलं. आपलं तसं नाही. बस आली, ट्रक आला, तिकीट आलं. तिन्ही शब्द इंग्रजीतले, तिथून येताना लिंग घेऊन आलेले नाहीत. ते आपणच चिकटवलं, आणि कशावरून ते कुणी सांगावं? कन्नडात या तिघांना एकच ‘बंतु’ पुरतं. ‘चहा आयतु’ म्हणत वाढलेली मुलगी ‘चहा झालं’ म्हणते, ती तिच्या व्याकरणानं बरोबरच बोलत असते. बाळाच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांचं जमतं. ‘बाळ आलं’, ‘मगु बंतु’.

आपणही उलट्या बाजूनं घसरतोच. लहानपणी हुबळीला मी ‘बस बंदळु’ म्हणाले होते. बसनं कुठल्या रंगाची साडी नेसली होती, असं तिथल्या पोरी मला सुट्टीभर विचारत होत्या.

सांगली-मिरजेजवळच्या कुपवाडचा अभ्यास गम्पर्झ आणि विल्सन या दोघा अभ्यासकांनी 1971 साली प्रसिद्ध केला. गावात मराठी, कन्नड, उर्दू शेजारीशेजारी नांदत होत्या. शब्द ज्याचे त्याचे राहिले, पण वाक्यांची बांधणी इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. तिथल्या उर्दूचं लिंगही कन्नडाच्या वळणावर गेलं होतं. त्यासाठी कुणी शाळा काढली नव्हती. रोजच्या बोलण्यातून ते झालं.

आता आपल्या बेळगावचंच बघा. इथल्या कितीतरी बायका ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्याचे पाहुणे त्यावर हसतात. कन्नडात ‘बर्तीनि’ म्हणताना बाई-पुरुष असा भेद नसतो. स्वतःबद्दल बोलताना क्रियापदाला लिंग लागतच नाही. आपल्या ‘येतो’मागे तीच सवय असावी असं मला वाटतं. पुण्याच्या लग्नात याच ‘येतो’वरून आमच्या शेजारीणबाईंचीही थट्टा झाली होती. आठ दिवस त्या धुसफुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रसादाचं पातेलं न्यायला दोघी सासू-सुना आल्या. उभ्या उभ्याच बोलणं झालं. सासूबाई पायरी उतरता उतरता म्हणाल्या, “बरं, येतो हं मी.”

मागे उभ्या सुनेनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.