पदार्थविज्ञानाची वाट आणि परभणीचा विद्यार्थी

बारावीची परीक्षा आटोपली की परभणी जिल्ह्यातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: वैद्यकीय की अभियांत्रिकी? या दोन्ही दारांतून जे परत फिरतात त्यांनी जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घालावे, असा जणू दंडकच पडला आहे. पदार्थविज्ञान येथे कोणी निवडत नाही. ते उरलेल्यांच्या वाट्याला येते. वास्तविक बुद्धीचा तुटवडा सेलूत वा गंगाखेडात नाही. तुटवडा आहे तो माहितीचा. आणि माहिती हीदेखील जमिनीसारखीच विषम वाटली गेलेली मालमत्ता आहे.

निजामी राजवटीत येथील मुलाला पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे, आणि तेथे शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. मुक्तीनंतर दहा वर्षांनी, १९५८ साली, औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. १९९४ साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने विद्यापीठ झाले आणि परभणीची महाविद्यालये त्याला जोडली गेली. मैलांचे अंतर असे घटत गेले. आज आडवे येते ते अर्जाचे, मुदतीचे आणि भाषेचे अंतर.

पुण्याच्या ‘आयसर’ या संस्थेत विज्ञानाचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेत गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात. अकरावीतच जीवशास्त्र वा गणित सोडलेल्या मुलाचा पाय तेथे मागे पडतो, आणि हे त्याला कोणी वेळेवर सांगितलेले नसते. ‘नेस्ट’ ही दुसरी परीक्षा. तिच्यातून भुवनेश्वरच्या ‘नायसर’ संस्थेत, तसेच मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभाग यांनी मिळून चालविलेल्या केंद्रात प्रवेश मिळतो. या अर्जांच्या मुदती बहुधा बारावीच्या निकालाची वाट पाहत नाहीत. निकालानंतर चौकशी करणारा विद्यार्थी त्या वर्षापुरता बाद झालेला असतो. ‘नीट’ मराठीतून देता येते; मूलभूत विज्ञानाच्या या परीक्षांना मात्र मराठीचे वावडे का असावे?

विरोधाभास असा की जागतिक दर्जाचे पदार्थविज्ञान आपल्या अंगणात येत आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काटकोनात जोडलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ही वेधशाळा औंढा नागनाथ परिसरात होणार आहे. हा तालुका आज हिंगोली जिल्ह्यात असला तरी १ मे १९९९ पर्यंत तो परभणीचाच भाग होता. त्या वेधशाळेत आपल्या मुलांनी फाटकावर पहारा द्यायचा की आत बसून लहरींची मोजदाद करायची, हा प्रश्न आजच्या अर्जांनी ठरणार आहे.

म्हणून अर्ज एकाच ठिकाणी करू नये. एक अर्ज राष्ट्रीय संस्थांसाठी असावा. दुसरा पुणे, मुंबई वा छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांसाठी. आणि तिसरा आपल्या नांदेड विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयासाठी. निवड करताना नावाच्या दबदब्याला भुलू नये. प्रयोगशाळा रोज उघडते काय, अध्यापक कायम आहेत की तासिका तत्त्वावर राबविले जातात, पदव्युत्तर विभाग आहे काय, वसतिगृहाचा खर्च घराला झेपेल काय, एवढे विचारून घ्यावे. परभणीतच राहावे लागले तर तो पराभव समजू नये. बी.एस्सी.च्या अखेरच्या वर्षी ‘जॅम’ परीक्षा देऊन आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाता येते. पण त्यासाठी येथील तीन वर्षे पोकळ जाता कामा नयेत.

येथेच प्रश्न व्यक्तीचा न राहता समाजाचा होतो. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला वाट दाखविणारा वर्ग विकत मिळतो. ऊसतोड कामगाराच्या मुलीने कोणाला विचारावे? महाविद्यालयांतील रिक्त पदे भरा, परीक्षेचे केंद्र परभणीत द्या, प्रश्नपत्रिका मराठीतूनही काढा, या मागण्या आपण शासनापुढे लावून धरल्याच पाहिजेत. परंतु मागणी मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक तालुक्यातील दोन कार्यकर्त्यांनी जानेवारीतच कनिष्ठ महाविद्यालयांत जावे, परीक्षांची नावे व मुदती फलकावर लिहाव्यात, आणि अर्ज भरताना मुलांच्या शेजारी बसावे. वेधशाळेसाठी जमीन मराठवाड्याने दिली आहे; तेथे काम करणारे शास्त्रज्ञही त्याने दिले पाहिजेत.