पाण्याला आणि उसाला दिलेले श्रेय

जनरल अरुणकुमार श्रीधर वैद्य यांची रणगाडा-सेनानी म्हणून ओळख दोन युद्धांत ठरली. १९६५ मध्ये खेमकरण आघाडीवर ते डेक्कन हॉर्स या रेजिमेंटचे प्रमुख होते, तर १९७१ मध्ये शकरगढ भागात १६ व्या स्वतंत्र चिलखती ब्रिगेडचे. दोन्ही वेळा त्यांना महावीर चक्र मिळाले. तरीही एक मत ठासून मांडले जाते. १९६५ मध्ये खेमकरण आघाडीवरच्या असल उत्तरला पाणी आणि ऊस लढले, पाकिस्तानचे पॅटन रणगाडे चिखलात रुतले, उरलेले काम भारतीय जवान अब्दुल हमीद यांच्या जीपवरील तोफेने केले. खरे रणगाडा-सेनापती म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले जर्मन रोमेल आणि गुडेरियन, शत्रूच्या मुलखात मुसंडी मारणारे. दबा धरून बसणे म्हणजे रणगाड्यांची लढाई नव्हे, असे या पक्षाचे म्हणणे.

हे म्हणणाऱ्यांनी रोमेलचीच कारकीर्द नीट वाचलेली नाही. जून १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत हलफाया खिंडीजवळ ब्रिटिश रणगाडे कापले गेले ते जमिनीत पुरून बसवलेल्या ८८ मिलिमीटरच्या जर्मन तोफांपुढे. शत्रूला आपल्या तोफांवर चालून येऊ द्यायचे, हा रोमेलचा आवडता डाव होता. पुढे १९४२ मध्ये आलम हलफाला तोच डाव त्याच्यावर उलटला. ब्रिटिश रणगाडे टेकडी सोडून बाहेर आलेच नाहीत. जर्मन सेनापतीने दबा धरला तर ती युद्धकला आणि पंजाबच्या उसात मराठी अधिकाऱ्याने धरला तर नशीब, हा न्याय कोणता?

पाणी शेतांत होते, पण ते रणगाडा फोडत नाही. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या दिवसांत असल उत्तरजवळ घोड्याच्या नालेच्या आकारात मांडलेल्या भारतीय मोर्चाच्या मुखात पाकिस्तानची चिलखती डिव्हिजन शिरली. तिच्या पॅटनला ९० मिलिमीटरची तोफ होती. डेक्कन हॉर्सकडे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे. अशा गाड्यांनी दुरून मारा केला असता तर गोळे वाया गेले असते आणि ठिकाण उघडे पडले असते. म्हणून पॅटन जवळ येईपर्यंत बोट चापावरून आवरणे आणि मग बाजूच्या पातळ पत्र्यावर नेम धरणे भाग होते. हा संयम उसाने शिकवला नाही. पॅटन श्रेष्ठ की शर्मन, हा जुना वादही येथे गैरलागू ठरतो. लढाई दोन यंत्रांची नव्हती, यंत्र वापरणाऱ्यांची होती. भारतीय मोजणीत पाकिस्तानने गमावलेल्या रणगाड्यांचा आकडा ९७ आहे.

अब्दुल हमीद यांचे शौर्य वादातीत आहे. त्याचा उपयोग इतरांना खोडून काढण्यासाठी करणे त्यांच्याही स्मृतीवर अन्याय करते.

मोर्चाची रचना एकट्या वैद्यांची नव्हती. थर्ड कॅव्हलरी रेजिमेंटचे सेंच्युरियन रणगाडेही तेथे लढले. वैद्यांचे काम वेगळे होते. दिवसरात्र एका भागातून दुसऱ्या भागात जाऊन, असल उत्तर आणि चीमा येथे त्यांनी आपली रेजिमेंट सांधून ठेवली.

१९७१ मध्ये तर लढाईच मुसंडीची होती. चक्रा आणि देहलरा येथे सुरुंगपट्ट्यांतून वाट काढत त्यांची ब्रिगेड पुढे गेली. १५ डिसेंबरच्या रात्री तिच्यातील पूना हॉर्सचे रणगाडे, सुरुंगांतली वाट पुरती साफ होण्याआधीच, बसंतर नदीपार गेले. तो धाडसी निर्णय रेजिमेंटचे प्रमुख हणूत सिंग यांचा. १६ डिसेंबरला पाकिस्तानी चिलखती ब्रिगेडचे प्रतिहल्ले तेथे मोडले आणि दुसऱ्या दिवशी युद्धविराम झाला, तेव्हा नदीपलीकडे मिळवलेला तळ भारताच्या ताब्यात होता.