खोडलेली शांतता

गेल्या वर्षी आमच्या एम. ए.च्या सहा विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून आठ भागांची एक भयमालिका पॉडकास्टसाठी लिहिली आणि ध्वनिमुद्रित केली. परीक्षकांनी ती ऐकण्यास नकार दिला. ‘मराठीच्या परीक्षेत आम्ही मजकूर तपासतो,’ हे त्यांचे म्हणणे. मग नव्वद पानांची संहिता त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. ती परत आली तेव्हा ‘चार सेकंद शांतता’, ‘दूरवर घंटा, कोणी दखल घेत नाही’ अशा सर्व सूचनांवर लाल शाईने काट मारलेली होती आणि समासात एकच शेरा होता : लेखनबाह्य. प्रस्तुत लेख त्या लाल शाईविरुद्ध आहे.

मालिकेचे कथानक साधे आहे. धरणात बुडालेल्या गावातील विस्थापितांच्या जबान्या पुनर्वसन कार्यालयातील एक कारकून टेपवर घेतो आहे. एका भागात एक जबानी. कोणी जमिनीविषयी बोलतो, कोणी बैलांविषयी, कोणी न मिळालेल्या मोबदल्याविषयी. भुताचे नावही कोणी काढत नाही. मात्र प्रत्येक जबानीच्या मागे, फार लांबून, पाण्याखालच्या देवळातली घंटा ऐकू येते. चार भाग श्रोता तिला ध्वनिमुद्रणातील दोष समजतो. पाचव्या भागात कारकून न राहवून विचारतो, ‘आजी, ही घंटा कुठली?’ म्हातारी थांबते. चार सेकंद काहीच नाही. मग अगदी हळू : ‘म्हंजे, तुमास्नी बी ऐकू येतिया?’

आता या प्रसंगातून लेखनबाह्य ठरलेले सारे वजा करा. घंटा काढा, दखल न घेणे काढा, चार सेकंद काढा. उरतात एक प्रश्न आणि एक प्रतिप्रश्न. भय उरत नाही. जे काढल्याने अर्थच नाहीसा होतो, ते लेखनाबाहेरचे कसे?

श्राव्य नाट्याचा इतिहासही हेच सांगतो. ३० ऑक्टोबर १९३८ रोजी अमेरिकेत सीबीएसवरून ऑर्सन वेल्स यांच्या मंडळीने ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ सादर केले. नभोनाट्याचा पूर्वार्ध संगीताच्या कार्यक्रमात मध्येच येणाऱ्या बातम्यांच्या रूपात बांधलेला होता. घटनास्थळाचे वर्णन करणारा वार्ताहर बोलता बोलता तुटतो आणि काही क्षण ध्वनिक्षेपकातून काहीच येत नाही. त्या रात्री देशभर घबराट पसरल्याच्या बातम्या वृत्तपत्रांनी फुगवून छापल्या, असे अभ्यासक आता मानतात. ती दंतकथा बाजूला ठेवली तरी त्या रिकाम्या क्षणांची ताकद कमी होत नाही. आमच्या परीक्षकांनी पहिली काट नेमकी तेथेच मारली असती!

दुसरा पक्षही तितकाच दोषी आहे, आणि तो निर्मात्यांचा. त्यांच्या लेखी भयमालिका म्हणजे एखादी कथा खर्जातल्या आवाजात वाचायची आणि तयार ध्वनिसंग्रहातील कोल्हेकुई, करकरणारे दार नि गडगडाट तिच्यावर पेरायचा. १९३४ साली शिकागोत विलिस कूपर यांनी सुरू केलेल्या ‘लाइट्स आउट’ या मध्यरात्रीच्या मालिकेत शिरच्छेदाच्या आवाजासाठी कोबी कापत. यातून आमचे हौशी निर्माते धडा घेतात तो कोबी विकत घेण्याचा. पण कोबी हा कोबीच असतो. त्याचे मस्तक होते ते आधीच्या वाक्यामुळे. श्रोत्याच्या मनात कोणाची मान, कोणाचा हात, कोणता अपराध हे संहितेने उभे केले नसेल, तर तो आवाज स्वयंपाकघरातलाच राहतो.

आम्हीही यातून सुटलो नाही, हे कबूल करतो. पहिल्या भागाच्या पहिल्या ध्वनिमुद्रणात आम्हीच हौसेने पार्श्वसंगीत घातले होते. वसतिगृहाच्या खोलीत पंखा बंद करून, भिंतींना गोधड्या टांगून, पितळी घंटा पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवून विद्यार्थ्यांनी जो आवाज मिळवला होता, तो आमच्या संगीतात बुडून गेला. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, कारकुनाच्या टेपवर हे संगीत वाजवतंय कोण?’ आम्ही निरुत्तर झालो. संगीत गेले. तिचा प्रश्न मात्र कथनमीमांसेचा होता : कोण बोलतो, कोणाशी, आणि हे नोंदवले का जात आहे? लंडनमध्ये निर्माण झालेल्या, जोनाथन सिम्स लिखित ‘द मॅग्नस आर्काइव्ह्ज’ (२०१६–२१) या मालिकेचे दोनशे भाग याच प्रश्नावर उभे आहेत. तेथेही जबान्या टेपवर घेतल्या जातात. आणि टेपरेकॉर्डर हे निव्वळ यंत्र नाही, ही शंका हळूहळू श्रोत्याला ग्रासू लागते. आमच्या विद्यार्थ्यांनी हे तत्त्व तेथून उघडपणे घेतले; माणसे, बोली आणि दुःख येथले.

मालिका असण्यालाही अर्थ आहे. रेडिओच्या श्रोत्याचा चुकलेला भाग चुकलाच. पॉडकास्टचा श्रोता मागे जाऊ शकतो. म्हणून पहिल्या भागातील घंटेचा अर्थ पाचव्या भागात देता येतो. शिवाय रेडिओ घरात सर्वांदेखत वाजे. हा श्रोता कानात यंत्र घालून एकटा असतो आणि म्हातारीचा श्वास त्याच्या कानाशी येतो. या दोन गोष्टी ओळखून केलेली रचना हे शैलीचेच काम आहे.

‘पण यातले बहुतेक उत्पादन भिकार असते,’ असे आमचे सहकारी म्हणतात. असेल. बहुतेक कविताही भिकार असतात. त्यासाठी कोणी काव्याचा पेपर बंद केलेला नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथांना वाचकांनी उचलून धरले, अभ्यासक्रमाने त्यांना ओसरीवरच बसवले. श्रुतिकेची गतही तीच. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. एवढ्या काळानंतरही आमच्या विभागात श्राव्य लेखनाची जागा ‘उपयोजित मराठी’च्या पेपरात, जाहिरात आणि वृत्तलेखनाच्या पंगतीत आहे. ओवी, कीर्तन आणि गोंधळ यांच्या मौखिकतेवर आम्ही तास घेतो, प्रबंध लिहवून घेतो. कानाने जगलेल्या भाषेचे अध्यापक ऐकण्यासच नकार देतात, याहून विपरीत काय असावे?

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही ध्वनीला वरचा साज समजतात. एक तो उधळतो, दुसरा खोडतो. म्हणून आमची मागणी छोटी आहे. श्रुतिकालेखन नाटकाच्या पेपरात शिकवावे. मूल्यमापन ध्वनिमुद्रण ऐकून व्हावे. आणि संहितेतील शांतता संवादाइतकीच गांभीर्याने वाचावी.

विद्यार्थ्यांना उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले. संहिता विभागाच्या कपाटात आहे. पाचव्या भागाच्या त्या पानावर म्हातारी आता क्षणभरही न थांबता उत्तर देते. परीक्षकांच्या हातची ती दुरुस्त प्रत ज्यांना भीतिदायक वाटत नाही, त्यांनी मूळ भाग एकदा ऐकावा. बत्तीस मिनिटांचा आहे.