थंड हवेमागची जोखीम

परभणीच्या उन्हाळ्याविषयी नव्याने सांगण्यासारखे काही उरलेले नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बदल झाला आहे तो वेगळ्याच बाबतीत. एके काळी वाळ्याच्या ताट्यांवर आणि नंतर कूलरवर भागवणारी कापड दुकाने, बँकांच्या शाखा, तपासणी केंद्रे आणि खासगी रुग्णालये आज वातानुकूलित झाली आहेत. परभणी शहरातच नव्हे, तर सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर येथेही. त्यांच्या गच्च्यांवर जी चौकोनी यंत्रे घरघरत असतात, त्यांतील नवी यंत्रे बहुतांशी ‘इन्व्हर्टर’ पद्धतीची आहेत. ती बिघडली म्हणजे वर चढतो तो एकटा मेकॅनिक, आणि त्याच्या जिवाची काळजी वाहण्याचे काम नेमके कोणाचे, याचा विचार अद्याप कोणी गांभीर्याने केलेला दिसत नाही.

हे तंत्र जगाला नवे नाही. जपानच्या तोशिबा कंपनीने १९८० मध्येच व्यापारी वापरासाठी असे यंत्र बाजारात आणले होते. आपल्याकडे ते सर्वत्र पोचायला जवळजवळ चार दशके लागली. २०१८ पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने जुन्या स्थिर वेगाच्या आणि नव्या बदलत्या वेगाच्या खोली-यंत्रांना तारांकनाची एकच मोजपट्टी सक्तीची केली, आणि ग्राहकाचा कल स्पष्ट झाला. विजेची बचत होते हे खरेच आहे. परंतु ज्या करामतीने ती होते, तिच्यातच धोक्याचे मूळ आहे. घरातील २३० व्होल्टचा उलटसुलट प्रवाह या यंत्रात प्रथम एकदिश केला जातो. त्याचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मोठ्या यंत्रांच्या ४१५ व्होल्टच्या तीन फेज पुरवठ्यावर तो ५८५ च्या घरात जातो. हा प्रवाह मोठ्या कॅपॅसिटरांत साठवून, त्यातून कॉम्प्रेसरला हव्या त्या वेगाचा प्रवाह पुन्हा घडवला जातो.

जुन्या यंत्रावर हात बसलेल्या कारागिराची सवय अशी की, बटण बंद केले म्हणजे वीज संपली. फार तर कॅपॅसिटरच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, एक ठिणगी उडाली की काम सुरू. तो कॅपॅसिटर चाळीस-पन्नास मायक्रोफॅरडचा असे. नव्या यंत्रात तो दोन हजार किंवा त्याहून अधिक असू शकतो, आणि ३२५ व्होल्टला त्यात सुमारे शंभर जूल ऊर्जा साठलेली असते. छातीवर धक्का देऊन हृदयाचे ठोके ताळ्यावर आणण्याचे जे यंत्र रुग्णालयात असते, ते एका वेळी साधारण १२० ते २०० जूल देते. यावरून काय ते समजावे. तेथे स्क्रूड्रायव्हर टेकवणे म्हणजे बोर्ड जाळणे आणि डोळे धोक्यात घालणे होय. साठा उतरवायचाच तर तो योग्य रोधातून, सावकाश उतरवावा लागतो.

कंपन्यांच्या पुस्तिका सांगतात की, पुरवठा तोडल्यावर पाच-दहा मिनिटे थांबा. सूचना योग्य आहे. मात्र ती पुरेशी नाही. सुस्थितीतील बोर्डात हा साठा आपोआप उतरतो, कारण बोर्डावरचेच भाग तो खाऊन टाकतात. तेच भाग जळाले असतील तर साठा उतरायला वाटच उरत नाही, आणि तो कितीतरी अधिक वेळ टिकू शकतो. म्हणजे यंत्र जितके अधिक बिघडलेले, तितका घड्याळावरचा विश्वास कमी! बोर्डावरचा दिवा विझला यावरही विसंबता येत नाही. दिवाच गेलेला असू शकतो. म्हणून थांबल्यानंतरही मल्टीमीटरने दाब मोजणे हाच एक मार्ग आहे, आणि तो मीटर आधी नि नंतर चालू विजेवर तपासून पाहिलेला असला पाहिजे. अनेक पुस्तिका ५० व्होल्टच्या खाली आल्याखेरीज हात लावू नका म्हणतात, ते उगाच नव्हे. रिमोटने यंत्र बंद करणे म्हणजे पुरवठा तोडणे नव्हे, हे तर वेगळे सांगायला नको. पुरवठ्याचे बटण तळमजल्यावर आणि माणूस तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर, अशी आपल्या इमारतींची रचना असते. खालच्या कोणा उत्साही नोकराने ‘आले का बघू’ म्हणून ते वर ओढू नये, यासाठी त्याला कुलूप लावून ‘काम चालू आहे’ अशी पाटी टांगणे आवश्यक ठरते.

दुसरी गोष्ट निदानाची. पडद्यावर इन्व्हर्टरच्या बिघाडाचा आकडा दिसला की बोर्ड बदलायचा, अशी एक रीत रूढ झाली आहे. वास्तविक त्या आकड्यामागे कित्येकदा साधी कारणे असतात. जिनिंगच्या हंगामात मानवत-सेलूकडे हवेत उडणारी सरकी-कापसाची पिंज जाळीवर बसते. कोणी तरी जाहिरातीचा फलक यंत्रासमोर उभा करतो. गरम हवा कोंडते आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. कधी पाल बोर्डावर चिकटून मरते. कधी न्यूट्रलची तार सुटून एका फेजवर दाब भलताच चढलेला असतो. पुरवठा न मोजता नवा बोर्ड बसवला तर तोही जातो. कॉम्प्रेसरची गुंडाळी जळलेली असेल तरी तेच. म्हणून तिन्ही टोकांमधील रोध सारखा आहे की नाही आणि गुंडाळी जमिनीशी भिडलेली नाही ना, हे तारा बोर्डापासून सोडवूनच तपासावे लागते. मेगर बोर्डातून चालवणारा मनुष्य दुरुस्ती करीत नसतो, बोर्डाचा अंत्यविधी करीत असतो.

हे सारे मेकॅनिकला शिकवले पाहिजे, हे उघड आहे. केंद्राच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्याने एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते, ते स्तुत्यच होते. पण प्रस्तुत लेखकाच्या मते दोष एकट्या मेकॅनिकच्या माथी मारणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही. त्याला फेरीमागे पैसे मिळतात; थांबण्याच्या, मोजण्याच्या वेळाचे मिळत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी दुकानदार खालून हाका मारतो, बँकेचा अधिकारी दर पाच मिनिटांनी फोन करतो, आणि वार्षिक देखभालीचा ठेका सर्वांत कमी दराने घेतलेला असतो. अशा स्थितीत दहा मिनिटे स्वस्थ बसून राहणारा कारागीर कामचुकार ठरतो, आणि लगेच झाकण उघडणारा हुशार!

तेव्हा करारनाम्यातच काही गोष्टी लिहिल्या गेल्या पाहिजेत: गच्चीवरच्या कामाला दोन माणसे, पुरवठ्याला कुलूप, चांगल्या प्रतीचा मीटर, बोर्ड बदलण्यापूर्वी घेतलेल्या मोजणीची लेखी नोंद, आणि या वेळेचा वेगळा मोबदला. शासकीय कार्यालये व बँका यांनी हा पायंडा पाडला तर दुकानदारही तो उचलतील. आणि साफसफाईची फेरी मेमध्ये न ठेवता होळीच्या आधी ठेवावी; तोवर जिनिंगचा जोर ओसरलेला असतो, आणि गच्चीवर दुपारी निदान उभे राहता येते.