छप्पर असलेला पूल



गेल्या ऑक्टोबरात मी बोस्टनजवळ मुलाकडे होतो. एका शनिवारी तो म्हणाला, "अब्बा, आज आडवाटेने जाऊ. तुमच्या कॅमेऱ्यासाठी एक जुना पूल दाखवतो." फज्रनंतर सुनेने पराठे बांधून दिले, थर्मासमध्ये चहा भरला. नातू मागच्या सीटवर बसला आणि आम्ही निघालो.

न्यू हॅम्पशायरमधल्या क्लेअरमाँटनंतर १२-ए हा साधा रस्ता कनेक्टिकट नदीच्या काठाकाठाने जातो. बाजूला शेतं, त्यापलीकडे लालभडक मेपल. तेवढ्यात मुलाने विषय काढला. "अब्बा, गावचं घर काढून टाकू या का? अम्मी गेल्यापासून बंदच आहे. तिथे राहणार कोण?" मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कॉर्निश गावाशी पूल आला. लाकडाचा, दोन्ही बाजूंनी फळ्या मारलेला, वर उतरतं छप्पर. दुरून एखादं लांबलचक गोदाम नदीवर ठेवल्यासारखं दिसतं. लांबी सुमारे ४४९ फूट. पलीकडे व्हरमाँटचं विंडसर गाव. १८६६ साली जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी तो ९,००० डॉलरमध्ये बांधला. त्याआधी याच जागी असलेले तीन पूल पुरांनी नेले होते. हा चौथा आजही उभा आहे आणि त्यावरून मोटारी जातात.

नातवाने विचारलं, "दादा, पुलाला छप्पर कशाला? माणसं भिजू नयेत म्हणून?"

मलाही तसंच वाटलं होतं. मुलाने समजावलं, "माणसांसाठी नाही रे, लाकडासाठी." पुलाचा सगळा भार बाजूच्या तिरकस तुळयांच्या जाळीवर असतो. या जाळीचं पेटंट इथिएल टाऊन नावाच्या वास्तुविशारदाने १८२० साली घेतलं होतं. उघड्यावर राहिली तर पाऊस आणि बर्फ सांध्यांत शिरून ती काही वर्षांत कुजते. झाकली तर शंभर वर्षंही टिकते. छप्पर खराब झालं तर नवं घालता येतं, आतलं लाकूड मात्र वाचतं.

पुलाच्या तोंडावर जुनी पाटी आहे: घोडे चालत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. घोडे दौडले की पूल हादरतो, म्हणून ही ताकीद. १९४३ पर्यंत इथे टोलही होता. १९८९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे पूल आपोआप टिकलेला नाही. कुणीतरी दर पिढीला त्याच्याकडे बघत आलं आहे.

न्यू हॅम्पशायरच्या काठावरून, पुलामागे अ‍ॅस्कटनी डोंगर येईल असा फोटो घेतला. मग गवतावर चादर अंथरून जुहरची कसर नमाज अदा केली. सलाम फेरल्यावर मला माझे वालिद आठवले. मे महिन्यात ते स्वतः शिडीवर चढून शाकारणी करायचे. फुटकी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची. खाली उभा राहून कौलं वर द्यायचं काम माझं. ते म्हणायचे, वाशाला एकदा पाणी लागलं की वाळवीला आमंत्रणच.

आमच्या घरावर तीन पावसाळे शाकारणी झालेली नाही.

मी मुलाला म्हटलं, "बेटा, घर ठेवायचं की विकायचं, ते तुम्ही भावंडं बसून ठरवा. मी आड येणार नाही. पण निर्णय होईपर्यंत ते गळता कामा नये. कुजलेलं घर ना ठेवता येतं, ना विकता येतं." तो बराच वेळ काही बोलला नाही. परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर त्याने विचारलं, "शाकारणीला किती माणसं लागतात, अब्बा?"

घराचं अजून काही ठरलेलं नाही. एप्रिलमध्ये मी गावी जाणार आहे, एवढं मात्र ठरलं. वाचकहो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या कोकणातल्या घराला कुलूप आहे. मुलं आखातात, लंडनला, अमेरिकेत. वाटणीचा, विक्रीचा वाद सावकाश मिटेल, इन्शाअल्लाह. पण पाऊस कुणासाठी थांबत नाही. या मेमध्ये एकदा वर चढून कौलं तरी बघून घ्या.