घराची किल्ली मिळाली, आधाराचे काय?

कौन्सिल टॅक्सचे बिल आले की आपण आकडा बघतो, कुरकुरतो आणि भरून टाकतो. पण कौन्सिलने या वर्षी कशाला कात्री लावली, हे आपण क्वचितच पाहतो.

व्यसन, मानसिक आजार किंवा तुरुंगवासामुळे ज्यांना कोणी घरमालक दारात उभे करत नाही, त्यांना नुसती किल्ली देऊन भागत नाही. भाडे, फॉर्म, औषधे, शेजाऱ्यांशी होणारी भांडणे यांकडे बघायला कोणीतरी नियमित यावे लागते. 2003 मध्ये ‘सपोर्टिंग पीपल’ योजनेतून इंग्लंडमधल्या कौन्सिलांना याच कामासाठी सुमारे 1.8 अब्ज पौंड मिळाले. 2009 मध्ये तो पैसा इथेच खर्चण्याचे बंधन उठले. 2010 नंतर अनुदाने आटली आणि आधी कापला गेला तो हा खर्च. वृद्धांची आणि मुलांची देखभाल कायद्याने सक्तीची, ही मदत बहुतांशी ऐच्छिक!

गंमत म्हणजे (गंमत कसली!) भाडे मात्र हाउसिंग बेनिफिटमधून येतच राहिले, आणि ‘आम्ही आधारही देतो’ म्हणणाऱ्या घरांना नेहमीपेक्षा जास्त. बर्मिंगहॅममध्ये अशी घरे गल्लोगल्ली झाली. अनेक ठिकाणी आधार नावापुरताच होता. 2023 मध्ये संसदेने यावर देखरेखीचा कायदा केला. त्याच वर्षी बर्मिंगहॅम कौन्सिलने पैसे संपल्याचे जाहीर केले. या कायद्यामुळे दर्जा आणि परवाने ठरवता येतील. मदतनिसाच्या पगाराची तरतूद त्यात नाही.

पुढचे बजेट मंजूर होण्याआधी आपापल्या कौन्सिलरला आपण एवढे तरी विचारू: या मदतीसाठी यंदा किती ठेवलेत?