घराची निगा : गच्चीची शाकारणी

पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत मृग लागण्यापूर्वीं कौलांची शाकारणी करून घेण्याची वहिवाट असे. फुटकीं कौलें बदलावयाचीं, पन्हळी साफ करावयाच्या, आणि मग निश्चिंत मनानें पहिल्या सरीची वाट पाहावयाची. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत धरण फुटून आलेल्या पुरानें नदीकांठचे कित्येक वाडे पडले. पुढें राहिलेल्यांपैकींहि पुष्कळांच्या जागीं सिमेंटच्या इमारती उठल्या. कौलें गेलीं, गच्ची आली, आणि शाकारणी आम्ही विसरलों. सपाट गच्चीला निगा लागत नाहीं, हा समज मात्र अगदीं खोटा आहे.

कित्येक गच्च्यांवर डांबरी फेल्टचे पट्टे अंथरलेले असतात. उन्हानें त्यांतील तेलकट अंश कमी होऊन पट्टा कडक होतो व तडकतो. खालचा कोबा ओला असतां घाईनें पट्टा चिकटविला, तर अडकलेल्या ओलीची वाफ होऊन फुगवटे येतात. त्यांवर वाळवणाच्या वेळीं पाट-खुर्च्या ओढल्या, किंवा सौर बंबाचा सांगाडा खिळे ठोकून बसविला, म्हणजे पाण्याला वाट मिळालीच!

छताला डाग पडला म्हणजे त्याच्या बरोबर वर भोंक असेल, असें समजूं नये. पाणी फटींतून दूरवर सरकून मग खालीं उतरतें. म्हणून प्रथम कठड्याचा सांधा, पाणी उतरण्याच्या नळाचें तोंड आणि सांगाड्यांचे पाय पाहावे. एखादाच फुगवटा असेल तर तो फुलीसारखा चिरावा, आंतील ओल पूर्ण वाळूं द्यावी, कडा चिकटवाव्या, आणि चारी बाजूंस १५ सेंटिमीटर पुढें जाईल असें ठिगळ लावावें.

पट्टे सर्वत्र तडकले असल्यास ठिगळांत पैसा घालवूं नये. जुनें सारें काढून टाकावें. ‘आहे त्यावरच आणखी एक कोबा घालूं’ असें सांगणारा कंत्राटदार भेटतो. पण दहा सेंटिमीटर जाडीच्या कोब्याचा भार दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो होतो. हें ओझें जुन्या स्लॅबवर इंजिनिअरला विचारल्यावांचून लादणें धोक्याचें आहे. नवें काम करतांना १०० सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर तरी उतार ठेवावा. कठड्याचा कोपरा गोलसर भरून घ्यावा, आणि पट्टा कठड्यावर १५ सेंटिमीटर चढवून त्याची कड भिंतींतील खांचेंत दाबावी. पट्टे उताराच्या खालच्या बाजूकडून वर लावीत जावे, व वरच्याची कड खालच्यावर निदान १० सेंटिमीटर यावी. कौलांचा नियम तोच होता! शेवटीं नळांचीं तोंडें बंद करून दोन दिवस पाणी सांचवावें, आणि खालचें छत कोरडें राहिल्यावरच उरलेले पैसे द्यावे.

हें सारें वैशाखांतच उरकावें. पण खरी अडचण पुष्कळदां डांबराची नसून मनांची असते. वरच्या मजल्यावरील वृद्ध जोडपें पातेलीं मांडून रात्र काढतें, आणि खालचे म्हणतात, ‘आमच्याकडे कोठें गळतें?’ सहकारी गृहरचना संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्चीतून होणारी पावसाची गळती व तिच्यामुळें बिघडलेलें वरच्या घराचें छत यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चानें करावयाची, असें सांगितलें आहे. तें योग्यच आहे. आंत मुरलेल्या पाण्यानें सळया गंजून फुगतात व सिमेंट फोडतात. आज वरच्या घराचा प्रश्न असलेली ओल उद्यां साऱ्या इमारतीचा होतो. वाड्यांत माजघरावरचें कौल फुटलें तर ‘तें आमच्या बिऱ्हाडावर नाहीं’ असें कोणी म्हणत नसे. हा एकत्र कुटुंबाचा संस्कार गच्चीखालीं राहतांनाहि आम्हीं सोडूं नये.